पुरुमेंताची वही

उकडे तांदूळ दीड पोते. मीठ एक गोण. मिरच्या पाच किलो, त्यांतल्या दोन किलो खोला जातीच्या. कांद्याच्या माळा चार. खारे बांगडे शंभर. कुळीथ, चवळी, चिंच, गूळ. सोलं घरची, यंदा भिरंडं कमी. छत्र्या दोन दुरुस्त.

सासूबाईंच्या वहीतले मे महिन्याचे पान असे असायचे. वाण्याच्या गल्ल्याशेजारी असते तशी लांबट, लाल कापडाची वही. वर्षाला एक पान, त्याच्या पाठीवर चवथीचा, म्हणजे गणेशचतुर्थीचा, खर्च. पोर्तुगीज अमदानीत गावातल्या मास्तरांपाशी त्या चार इयत्ता मराठी शिकल्या होत्या. तेवढ्या शिदोरीवर त्यांनी चाळीसएक पाने लिहिली. अक्षर मोठे, ओळी किंचित वर चढत जाणाऱ्या. त्यांना जाऊन आता तीन वर्षे होतील. वही स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे होती, तिथेच आहे.

गोव्याबाहेरच्या वाचकाला पुरुमेंत हा शब्द सांगावा लागतो. मूळ पोर्तुगीज शब्द ‘प्रोव्हिमेंतु’, म्हणजे तरतूद. आमच्या जिभेवर घोळून त्याचा पुरुमेंत झाला. कोकणात आगोट म्हणतात, देशावर बेगमी. पाऊस लागण्याआधी चार महिन्यांचे घरात भरून ठेवायचे. मडगावला होली स्पिरिट चर्चच्या फेस्तालाच लोक पुरुमेंताचे फेस्त म्हणतात. सुकी मासळी, मिरच्या, कांदे, सोलं असे सगळे त्या फेरीत मांडलेले असते. आम्ही डिचोली तालुक्यातले. आमचा पुरुमेंत बराचसा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून यायचा, आणि उरलेला अंगणातून.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला हा सगळा खटाटोप वाटला होता. माझे माहेर पणजीजवळचे. वडील नोकरदार, महिन्याचा बाजार महिन्याला. इथे मे महिनाभर अंगणात पाय ठेवायला जागा नसे. एका चटईवर मिरच्या, दुसरीवर चिंच, तिसरीवर सोलं, म्हणजे आमसुलं. भिरंडं म्हणजे कोकमाची फळे, ती फोडायची, बिया वेगळ्या काढायच्या, साली उन्हात टाकायच्या. गराचा रस मिठात धरायचा, सुकत आलेल्या साली त्या रसात बुडवायच्या आणि परत उन्हात. असे चार-पाच वेळा केले की साल काळीभोर, मऊ आणि ओलसर राहते, मग ती वर्षभर टिकते. बियाही टाकायच्या नाहीत, त्यांचे भिरंडेल करायचे. थंडीत टाचा फुटल्या की घरातल्या सगळ्यांच्या टाचांना तेच. फणसाची भिकणं, म्हणजे आठळ्या, तांबड्या मातीत घोळवून कोपऱ्यात रचून ठेवायची, ती थेट चवथीच्या खतखत्यापर्यंत, त्या मिश्र भाजीपर्यंत, पुरायची. डाळींना एरंडेलाचा हात लावायचा. कांद्याच्या पाती विणून माळा करायच्या आणि चुलीच्या वर, धुराच्या वाटेवर टांगायच्या.

ते सगळे मी शिकले, पण मनापासून नाही.

त्याच सुमारास खाणींचा धंदा तेजीत आला. चीनकडे लोहखनिज जाऊ लागले आणि आमच्या तालुक्यात पैसा दिसू लागला. ह्यांनी कर्ज काढून ट्रक घेतला, चार वर्षांत दुसरा. खाणीवरून माल जेटीवर टाकायचा, तिथून तो बार्जने मांडवीतून मुरगाव बंदराकडे जायचा. ऑक्टोबर ते मे ट्रिपा चालू, हातात रोज रोकड. मी सासूबाईंना म्हणाले, “आई, आता कशाला उन्हातान्हात बसता? दुकानात सगळे मिळते.” त्या म्हणाल्या, “मिळते गो. पैसे असले की मिळते.” मला ते बोलणे लागले. पण त्यांनी वाद घातला नाही. आपल्यापुरता अर्धा पुरुमेंत त्या भरत राहिल्या. वहीतली ती पाने पाहिली की कळते, २००६ पासून ती अर्धीच लिहिलेली आहेत.

१० सप्टेंबर २०१२ ला राज्य सरकारने खाणकाम थांबवले. पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. त्या वर्षी १९ सप्टेंबरला चवथ होती. दोन्ही ट्रक अंगणात उभे राहिले, चाकांखाली दगड लावून. पाऊस पडला की त्यांच्या फाळक्यांतली लाल धूळ ओघळून तुळशीपर्यंत यायची. हप्ते मात्र चालूच. आमच्या वाड्यावर असे एक घर नव्हते जिथे ट्रक, गॅरेज किंवा बार्ज यांच्याशी संबंध नाही. त्यामुळे उसने तरी कोणाकडे मागणार?

त्या चवथीला माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांच्या चौकटीचे, एकही फळ विकत आणले नाही. कांगणं, आंबाडे, सुपारीचा शिपटो, तोरिंग, चिबूड, सगळे ह्यांनी आणि मुलांनी रानातून, कुळागरातून, शेजाऱ्यांच्या परसातून जमवले. बदल्यात आमच्या झाडाची तोरिंगं शेजारी गेली. माटोळी भरून झाली तेव्हा लेकाने वर बघून विचारले, दरवर्षी असेच का करत नाही? माझ्याकडे उत्तर नव्हते.

विसर्जनानंतर सासूबाईंनी वही काढली आणि ह्यांच्यापुढे ठेवली. “वायट दीस सांगून येनात,” त्या म्हणाल्या. “लिही. तीन महिन्यांत काय काय गेले ते सगळे लिही. मला दाखवायला नको, तुम्हां दोघांना दिसू दे.”

आम्ही दोन रात्री बसलो. पैसे वाचवण्यावर आजवर जे जे वाचले, ऐकले, त्या सगळ्यांत मला हे एकच काम खरोखर मोठे वाटते. आठवून, खाडाखोड करून, पण खरे लिहायचे. मोठे खर्च आम्हांला पाठ होते. हप्ता, शाळा, दवाखाना. ते कमी होणारे नव्हते. धक्का बसला तो लहान आकड्यांचा. नाक्यावरचा चहा आणि भजी, चौघांच्या चार मोबाइलची रिचार्जं, आठवड्याला दोनदा आणलेले लोणच्या-मसाल्याचे पुडे, कोणी बघत नसलेल्या वाहिन्यांचे पैसे, दिवसातून तीनदा डिचोलीला मारलेल्या फेऱ्यांचे पेट्रोल. सगळे मिळून जवळजवळ एका हप्त्याच्या निम्मे. आणि त्यांतल्या एकाही गोष्टीने आम्हांला आठवणीत राहील असा आनंद दिला नव्हता. चहाही घरातला बरा लागतो.

तेव्हापासून आम्ही फेऱ्या मोजतो. बाजारात जायचे ते एकदाच, चिठ्ठी घेऊन, आणि जेवून. उपाशीपोटी बाजारात गेले की पिशवी जड होते, हे मी स्वतःवर पाहिले आहे. भाजी शक्यतो फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरून. बेळगावची भाजी तिथे बाजारापेक्षा स्वस्त पडते, पण सकाळी लवकर गेले तर. दहा वाजता गेलात तर टोमॅटो संपलेले असतात.

पाऊस सुरू झाला की मात्र पहिले काही आठवडे भाजी विकत घ्यायचीच नाही, हा सासूबाईंचा दंडक. पहिल्या सरींनंतर टाकळा उगवतो, त्याची कोवळी पाने, फणसाची भिकणं घालून. मग कुड्डूक, अळू, तेरे, आकूर, शेवग्याचा पाला. मी पणजीजवळची मुलगी. मला टाकळा आणि गवत यांतला फरक कळत नव्हता. त्यांनी मला पावसात उभे करून एकेक पान ओळखायला शिकवले. त्याचे पैसे किती वाचले हे मी कधी मोजले नाही, कारण त्या भाज्यांची चव पैशांत बसत नाही. अळमी, म्हणजे रानातली अळिंबी, तेवढी वेगळी. ती सापडली तर खायची नाही, विकायची, इतका तिला भाव. पण सासूबाई त्यांतलीही मूठभर मुलांसाठी बाजूला काढायच्या.

मासळीचे गणित समुद्र ठरवतो. १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस ट्रॉलरना बंदी. ताजी मासळी महागते, मिळते तीही बाहेरची. म्हणून बांगडा रापणीला आणि बोटींना भरभरून लागतो तेव्हा पोटभर खायचा, उन्हाळ्यात मिठात घालायचा, आणि आषाढात पेजेबरोबर निखाऱ्यावर भाजायचा. सुक्या सुंगटांचे, म्हणजे कोलंबीचे, किसमूर, कुळथाचे पिठले, खारातली तोरं, म्हणजे मिठातल्या कैऱ्या. उकड्या तांदळाची पेज आणि यांतले काहीही एक, एवढ्यावर आमच्या घराने दोन पावसाळे काढले. मुले कुरकुरली नाहीत, कारण ते गरिबीचे जेवण आहे असे त्यांना कोणी सांगितले नाही. अजूनही बाहेरून दमून आले की ती पेजच मागतात.

हल्ली नारळ इतका महागला की वाटणावरचा हात आपोआप आखडतो. आमच्या जेवणात नारळाला पर्याय नाही असे म्हणतात, ते पूर्ण खरे नाही. सोलकढीला नारळ लागतो, फुटी कढीला लागत नाही. सोलांचे पाणी, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, झाले. आमच्या आधीच्या बायकांनी दोन्ही करून ठेवले आहे, हाताशी नारळ असताना आणि नसताना. नारळ फोडला की त्याचे काहीच फुकट जात नाही. सोडणं आणि करट्या न्हाणीतल्या भाणाखाली, चुडतांचे हीर काढून झाडू. आंघोळीचे पाणी आमच्याकडे अजून भाणात तापते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना ते शक्य नाही, पण गीझरचे एक सांगते. दोन किलोवॉटचा गीझर तासभर चालला की दोन युनिट जातात. एका बादलीपुरते पाणी तापायला मात्र अर्धे युनिटही पुष्कळ होते. बटण दाबून विसरण्याचे पैसे आपण भरत असतो.

विजेचा हिशेब मला लेकाने शिकवला, तो तेव्हा आठवीत होता. १००० वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट. साठ वॉटचे पाच बल्ब रोज पाच तास, म्हणजे महिन्याला पंचेचाळीस युनिट. तेच नऊ वॉटचे एलईडी लावले की सातसुद्धा नाही. त्याने हे पुठ्ठ्यावर लिहून मीटरखाली चिकटवले. नवा पंखा घ्यायची वेळ आली तेव्हा त्यानेच हट्ट करून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, घ्यायला लावला. किंमत जास्त, म्हणून मी तयार नव्हते. जुना पंखा पंचाहत्तर वॉट, हा तीसच्या आतबाहेर. गोव्याच्या दमट हवेत पंखा दिवसाचे दहा-बारा तास फिरतोच, तेव्हा फरक बिलात दिसला. सगळे पंखे एकदम बदलायला मात्र आम्ही गेलो नाही. जुना बिघडला की नवा.

गॅसचा सिलिंडर लावला की दिनदर्शिकेवर तारीख लिहायची. एवढी एक सवय लावली आणि दुसरे काही केले नाही, तरी सिलिंडर चार-पाच दिवस जास्त जाऊ लागला. आपण मोजतो आहोत हे हाताला कळते. कुळीथ, चवळी, वाटाणे रात्री भिजत. कुकरला वाफ धरली की ज्योत लहान. उकडा तांदूळ शिजायला वेळ घेतो, तो परसातल्या चुलीवर.

आता पैसे ठेवण्याविषयी. वाचलेले पैसे कपाटात राहत नाहीत, त्यांना पाय फुटतात. आमच्या वाड्यावर बायकांचा स्वयंसहाय्य गट होता. महिन्याला शंभर रुपये भरायचे आणि अडीनडीला गटातूनच कर्ज. पहिल्या वर्षी लेकीची पुस्तके त्यातून आली. दुसरे म्हणजे पोस्टाची आवर्ती ठेव. महिन्याला शंभर रुपयांपासून घेतात, पाच वर्षांची. मी गृहआधार या गृहिणींसाठीच्या सरकारी योजनेचे पंधराशे रुपये आले की त्यांतले पाचशे उचलून तिथे भरत असे, घरात आणण्याआधी. महिनाअखेरीला उरले तर भरू, असे ज्यांनी ज्यांनी ठरवले त्यांचे काही उरलेले मी पाहिलेले नाही, माझेही नाही.

आणि आरोग्य. २०१६ मध्ये राज्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आली. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चौघे किंवा जास्त असले तर चार लाखांपर्यंत उपचार. रांगेत उभे राहून मी कार्ड काढले तेव्हा ह्यांना ते कागद वाया घालवणे वाटले होते. पुढे सासऱ्यांचे ऑपरेशन झाले. त्या कार्डाने वाचवले ते पैसे मी दहा वर्षे गॅसची ज्योत लहान ठेवून वाचवू शकले नसते. कार्डाची मुदत कधी संपते ते मी आता पुरुमेंताच्या वहीतच लिहिते. सासऱ्यांची रोजची औषधे डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून आणू लागलो. औषध तेच, वेष्टन साधे, किंमत कितीतरी कमी.

सासूबाई कशात काटकसर करू द्यायच्या नाहीत, ते मला जास्त आठवते. मुलांचे दूध. म्हाताऱ्यांचे औषध. दारात आलेल्याचा चहा. घरकामाला येणाऱ्या बाईचे पैसे, ती आली तेवढ्या दिवसांचे पुरते आणि वेळेवर. मी एकदा, अगदी ओढगस्तीच्या दिवसांत, तिला पुढच्या महिन्यात देते म्हटले. सासूबाईंनी आपल्या कनवटीचे काढून दिले आणि संध्याकाळी मला म्हणाल्या, “तिच्या घरात पण वही असेल गो.” मी ते वाक्य आजवर कोणाला सांगितले नव्हते.

२०१५ मध्ये खाणी थोड्या सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. एक ट्रक आम्ही आधीच मिळेल त्या भावाला विकला होता. दुसरा ह्यांनी वाळू-चिऱ्यांच्या भाड्याला लावला, पुढे तोही काढला आणि नोकरी धरली. काटकसरीने आमचे कर्ज फिटले, असे मी म्हणणार नाही. ते फिटले ट्रक विकून आणि माझ्या दोन बांगड्या मोडून. काटकसरीने एवढेच झाले की मधल्या सहा वर्षांत घरात कोणी उपाशी झोपले नाही, शाळा सुटली नाही, आणि आम्ही कोणासमोर नवे कर्ज मागायला उभे राहिलो नाही. ते थोडे नव्हे. ज्यांच्याकडे कापण्यासारखेच काही नाही त्यांना बचतीचे सल्ले द्यायला मला जीभ उचलत नाही.

एक गोष्ट मात्र मनात सलते. हा सगळा पुरुमेंत, ही वाळवणे, हा हिशेब, बायकांच्या पाठीवर उभा आहे. घरची सोलं फुकट पडतात असे मी अभिमानाने सांगत असे. ती फुकट नसतात. तीन आठवडे कोणीतरी वाकून बसलेले असते, ढग दिसला की जेवणावरून उठून धावलेले असते. सासूबाईंचे गुडघे त्या अंगणात गेले. चाळीस पाने लिहिली त्यांनी, पण सोलं कोणी केली हे एकाही पानावर नाही. त्यांना तो लिहिण्यासारखा खर्च वाटलाच नाही.

गेल्या मे महिन्यात भिरंडांना असा काही बहर आला की झाडाखाली तांबडा सडा. लेक पर्वरीला नोकरी करते, कदंबच्या बसने येऊन-जाऊन. तिने दोन दिवस रजा टाकली. लेकानेही. ह्यांना मी पाट दिला आणि विळी समोर ठेवली. पहिल्या दिवशी ह्यांचा अंगठा कापला, दुसऱ्या दिवशी माझ्यापेक्षा भरभर चालू लागले. चौघांचे हात कोपरापर्यंत लाल. दुपारी तीनला वेंगुर्ल्याच्या बाजूने आभाळ भरून आले आणि वारा सुटला. आम्ही चौघांनी चार कोपरे धरून चटया ओसरीवर ओढल्या. शेवटची चटई आत आली आणि पहिले थेंब अंगणात पडले. मातीचा वास, भिरंडांचा आंबूस वास.

रात्री लेकीने पिठाच्या डब्यामागची वही काढली. मोबाइलवर सगळे लिहिणारी मुलगी, पेन शोधत फिरली. तिने नवे पान घेतले, तांदूळ, मीठ, मिरच्या माझ्याकडून विचारून लिहिल्या. मग सोलांपाशी आली, थोडी थांबली, मागची दोन-तीन पाने चाळली, आणि आजीसारख्याच किंचित वर चढणाऱ्या ओळीत लिहिले:

सोलं घरची. यंदा भिरंडं भरपूर. सोलणारी माणसं चार.